रस्ता मोकळा करायचा तो कोणासाठी?

पणजीच्या जुन्या वस्तीतले रस्ते वाहनांना बंद करावेत की नाही, हा वाद दर पर्यटन हंगामात पेटतो आणि पहिल्या पावसाबरोबर विझतो. एक बाजू म्हणते, फोंतेन्हास युरोपसारखे दिसेल, पर्यटक खूश होतील, फोटो छान येतील. दुसरी म्हणते, गाडी दारात आली नाही तर गिऱ्हाईक फिरकणार नाही, धंदा बसेल. दोन्ही बाजू हिरिरीने भांडतात, पण दोघांच्याही बोलण्यात केंद्रस्थानी असतो तो बाहेरून येणारा माणूस. एकाला तो पर्यटक म्हणून हवा, दुसऱ्याला गिऱ्हाईक म्हणून. ज्याचे दार त्या रस्त्यावर उघडते, ज्याला सकाळी दूध आणायला त्याच रस्त्याने जायचे असते, तो या वादात कुठेच नाही. माझे म्हणणे सरळ आहे. फोंतेन्हास, सां तोमे आणि चर्च स्क्वेअरच्या मागच्या गल्ल्या बाहेरच्या वाहनांना बंद झाल्याच पाहिजेत. पण त्या तिथल्या रहिवाशासाठी आणि आजही पायीच चालणाऱ्या माणसासाठी बंद व्हायला हव्यात. पर्यटकासाठी बंद करणार असाल तर आहेत तशाच राहू द्या.

हे रस्ते गाडीसाठी झालेलेच नाहीत, हे आधी लक्षात घेऊ. १७५९ साली व्हाइसरॉयने जुने गोवे सोडून पणजीतला आदिलशाही वाडा राहायला घेतला आणि १८४३ मध्ये पणजी अधिकृत राजधानी झाली. मधल्या काळात दों मानुएल द पोर्तुगाल इ काश्त्रु या व्हाइसरॉयने दलदल बुजवून शहराचे सरळ रस्ते आखले. ते मेण्यांसाठी आणि घोडागाड्यांसाठी होते. फोंतेन्हास तर कोणी आखलेच नाही. माडांच्या भाटात, अल्तिनो टेकडीच्या पायथ्याच्या झऱ्याच्या आधाराने, घराला घर लागत ती वस्ती उभी राहिली. आज त्याच गल्ल्यांत काय चालले आहे? २०११ च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या १४.५८ लाख होती, आणि रस्त्यावरच्या वाहनांचा आकडा आता माणसांच्या आकड्याला येऊन भिडला आहे. वर वर्षाकाठी कोटीच्या घरात पर्यटक, आणि त्यांतल्या बऱ्याच जणांच्या हाती भाड्याची स्कूटर किंवा गाडी. उभी केलेली एक मोटार साधारण बारा चौरस मीटर जागा अडवते. कोणी आपले कपाट रस्त्यावर आणून ठेवले तर पालिका तासाभरात उचलून नेईल. त्याच्या कितीतरी पट मोठी लोखंडी वस्तू दिवसभर तिथेच राहिली तर मात्र तो नागरिकाचा हक्क कसा काय ठरतो?

फोंतेन्हासमधल्या ‘३१ जानेवारी’ नावाच्या रस्त्यावर सकाळी सातच्या आत जाऊन उभे राहा. पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलवरून भोंगा वाजवत येतो, बायका पायरीवरूनच उंडे आणि पोळी हे पाव घेतात, कोणीतरी झाडलोट करत असते, शिंपल्यांच्या तावदानांची एखादी खिडकी अर्धी उघडी असते. रस्ता त्या वेळी घराचाच भाग असतो. दहा वाजता परत या. पायरीला खेटून स्कूटरी लागलेल्या, पुढे एका पिवळ्या भिंतीसमोर फोटोवाल्यांचा घोळका, आणि तो हलत नाही म्हणून मागे उलटी येणारी भाड्याची मोटार. बाजाराची पिशवी घेतलेली एखादी वयस्क बाई दोन स्कूटरींच्या मधून आडवी होऊन बाहेर पडते आणि मोटार जाईपर्यंत भिंतीला पाठ लावून उभी राहते. भिंत तिच्याच घराची असते. या बाईची बाजू घेऊन कोणी बोलत असेल तर त्याचे नाव मला सांगा. सुशोभीकरणवाल्यांच्या चित्रात ती नाही आणि पार्किंगवाल्यांच्या हिशेबातही नाही.

सुशोभीकरणवाल्यांबद्दल मला अधिक काळजी वाटते, कारण ते माझ्याच बाजूचे मानले जातात. गाड्या काढा, फरसबंदी घाला, दिवे लावा, टेबल-खुर्च्या मांडा, एवढ्यावर त्यांचे समाधान होते. त्यापुढे काय होते हे जगभर दिसले आहे. रस्ता शांत आणि देखणा झाला की जागेचा भाव चढतो. भाव चढला की तळमजल्यावरचा शिंपी, घड्याळवाला, किराणावाला उठतो आणि तिथे कॅफे येतो. मग वरच्या मजल्यावरच्या कुटुंबालाही कोणीतरी गेस्ट हाउससाठी गाठतो. फोंतेन्हासमध्ये ही हवा कधीच शिरली आहे. घरांच्या भिंतींवर फोटो न काढण्याच्या विनंत्या लावाव्या लागतात, त्या काही हौसेने लावलेल्या नाहीत. अशा स्थितीत नुसत्या गाड्या काढल्या तर त्या जागी माणसांची जत्रा येईल, आणि रात्री बारापर्यंत चालणारी जत्रा मोटारीच्या हॉर्नपेक्षा काही कमी त्रासाची नसते.

वस्ती उठून गेल्यावर शहराचे काय होते, हे पाहायला गोवेकराला लांब जावे लागत नाही. पणजीहून नऊ-दहा किलोमीटरवर जुने गोवे आहे. सोळाव्या शतकात पूर्वेतल्या मोठ्या बाजारपेठांत त्याची गणना होत असे. रोगराईने माणसे गेली, सत्ता पणजीला आली, १८३५ मध्ये धर्मसंघांवर बंदी आल्यावर मठही ओस पडले. आज तिथली चर्चेस जागतिक वारसा आहेत, १९८६ पासून युनेस्कोच्या यादीत आहेत, भोवती हिरवळ राखलेली आहे. पण एकेकाळच्या त्या महानगरातले नागरी जीवन मागे राहिलेले नाही. तिथे माणसे साथीने गेली. फोंतेन्हासमधून ती भाड्याने आणि कंटाळ्याने जातील. म्हणून पहिली अट अशी हवी, की ज्या गल्लीत वाहनबंदी येईल तिथे राहत्या घराचे हॉटेल, बार किंवा दुकान करण्यावर बंदीच्या आधी लगाम बसला पाहिजे. जुन्या पणजीला संरक्षित क्षेत्राचे नियम लागू आहेत. व्यवसायाचा परवाना महापालिका देते. अधिकार हातात आहेत, ते बंदीच्या आधीच वापरायला हवेत.

यावर कोणी म्हणेल, मग हा खटाटोप हवाच कशाला? कारण करता येते, आणि ज्यांनी रहिवाशाला पुढे ठेवले त्यांना ते साधले आहे. स्पेनमधल्या पोंतेवेद्रा या छोट्या शहराने १९९९ पासून जुन्या भागातून मोटारी काढल्या. त्यांनी सरसकट बंदी घातली नाही. नुसते आरपार जाणारे आणि पार्किंग शोधत घिरट्या घालणारे वाहन त्यांनी बाहेर ठेवले. रहिवाशाला घरापर्यंत येता येते, माल उतरवता येतो, रुग्णवाहिका येते. घिरट्या थांबल्या की उरलेली वाहने इतकी थोडी असतात की ती माणसाच्या चालीने चालतात. मुले एकटी शाळेत जाऊ लागली, हे तिथले लोक कौतुकाने सांगतात. फोंतेन्हासच्या गल्लीत दुपारी शिरणारी वाहने पाहिली तर त्यांतली बहुतेक या दोन प्रकारांतलीच आहेत.

आता दुकानदारांचे म्हणणे. ते हसण्यावारी नेण्यासारखे नाही. ‘१८ जून’ या बाजाराच्या रस्त्यावरचा कापडवाला आधीच ऑनलाइन खरेदीने बेजार आहे, मॉलमध्ये पार्किंग आयते मिळते, आणि लग्नाची खरेदी करायला पेडण्याहून किंवा सांग्याहून येणारे कुटुंब गाडीनेच येते. त्याची भीती खरी आहे. पण त्या भीतीमागचा हिशेब तपासून पाहावा लागेल. दुकानासमोरच्या जागेवर सकाळी नऊला ज्या दुचाक्या लागतात, त्यांतल्या कितीतरी दुकानातल्याच माणसांच्या किंवा शेजारच्या कार्यालयातल्या असतात आणि त्या संध्याकाळपर्यंत हलत नाहीत. म्हणजे पेडण्याच्या कुटुंबाला तिथे जागा आजही मिळत नाही; ते गाडी लांब लावून चालतच येते, आणि तेही मोडक्या फुटपाथवरून. कोपनहेगनमध्ये १९६२ साली स्ट्रॉएट हा बाजाराचा रस्ता वाहनांना बंद केला तेव्हा तिथले व्यापारीही असेच घाबरले होते. ही इटलीची रीत, डेन्मार्कच्या थंडीत रस्त्यावर कोण रेंगाळणार, असा सूर होता. रस्ता पुन्हा उघडला नाही आणि बाजारही बसला नाही. ब्राझीलमधल्या कुरितिबाच्या महापौरांनी १९७२ मध्ये मुख्य पेठेतला रस्ता शनिवार-रविवार गाठून बंद करून टाकला, विरोध उभा राहायच्या आत. आज ती त्या शहराची ओळख आहे.

परदेशाची उदाहरणे इथे कशाला, असे विचारणाऱ्यांसाठी देशातलीही आहेत, आणि ती सगळी गोड नाहीत. गंगटोकचा महात्मा गांधी मार्ग वाहनमुक्त आहे आणि दुकानांनी गजबजलेला आहे. पुदुच्चेरीचा समुद्रकाठचा रस्ता संध्याकाळी सहा ते सकाळी साडेसात वाहनांना बंद असतो. दमट किनारा, युरोपीय वसाहतीचा वारसा, दारू आणि पर्यटक, सगळे आपल्यासारखेच, आणि तिथे संध्याकाळी गावातले म्हातारे-कोतारे फिरायला येतात. उलट दिल्लीच्या चांदनी चौकात मोठा खर्च करून सकाळी नऊ ते रात्री नऊ मोटारबंदी आणली, २०२१ मध्ये थाटात उद्घाटन झाले, आणि पहारा सैल होताच दुचाक्या पुन्हा आत आल्या. पुण्यात लक्ष्मी रस्ता ११ डिसेंबरला पादचारी दिन म्हणून मोकळा होतो. दिवस आनंदात जातो, पण १२ तारखेला रस्ता होता तसाच होतो. दगड बसवून किंवा दिवस पाळून रस्ता बदलत नाही. रोज तिथे उभा राहणारा माणूस लागतो आणि दंडाची पावती फाडण्याची तयारी लागते.

खुद्द १८ जून रस्ता मात्र आज पूर्ण बंद करावा असे मला वाटत नाही. तो शहराचा मुख्य मार्ग आहे. तिथे एका बाजूचे पार्किंग काढून फुटपाथ रुंद आणि सपाट करणे एवढेच पुरेसे मोठे काम आहे. सगळे एकदम मागणाऱ्यांमुळेच काही होत नाही.

म्हातारे, आजारी, अपंग यांचे काय, हा प्रश्न सर्वांत गंभीर आहे, आणि तो विचारणाऱ्यांना वाहनांचे दलाल म्हणणे अन्यायाचे आहे. माथेरान आपल्याला जवळचे. मोटारबंदीचे गोडवे आपण पिढ्यान्‌पिढ्या गायले, पण तिथली चढण माणसाने ओढायच्या रिक्षांवर चालत राहिली. शेवटी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला ही प्रथा बंद करा म्हणून सांगावे लागले. मोटार काढली म्हणून ओझे नाहीसे होत नाही, ते कोणाच्या तरी पाठीवर जाते. म्हणून गॅसचा सिलिंडर कोणत्या वेळी येणार, डायलिसिसला जाणाऱ्या माणसाला दारातून कोण नेणार, घरात मृत्यू झाला तर शववाहिका कुठवर येणार, हे पहिल्या दिवशी कागदावर हवे. रहिवाशाला पास, माल उतरवायला सकाळची ठरावीक वेळ, आणि तोंडाशी किल्लीने उघडणारा अडसर, एवढ्याने बहुतेक गोष्टी सुटतात. मोटारसायकल पायलटांना, म्हणजे भाड्याने दुचाकीवर माणसे नेणाऱ्यांना, गल्लीच्या तोंडाशी हक्काची जागा द्यावी. आडगावच्या माणसाला दवाखान्यापर्यंत पोचवणारे तेच आहेत. आणि हेही पाहा, की आज फोंतेन्हासमध्ये रात्री आग लागली तर बंब अडणार आहे तो उभ्या केलेल्या गाड्यांमुळेच. अपंगांच्या नावाने ज्या मोटारींचा कैवार घेतला जातो, त्याच मोटारी व्हीलचेअरची वाट अडवून उभ्या असतात.

पावसाचा मुद्दा मला फारसा पटत नाही. चार महिने पाऊस असतो तेव्हाही शाळेची मुले, बाजाराला जाणाऱ्या बायका आणि कचेरीतले कारकून चालतच असतात. त्यांच्या अंगावर चिखल उडवणारे वाहन तेवढे कमी होईल.

वाहने शेजारच्या मळा या वस्तीत आणि औरें खाडीच्या रस्त्यावर ढकलली जातील, ही मात्र रास्त शंका आहे. मळ्यातले लोक आधीच पुराने आणि रहदारीने त्रासले आहेत. फोंतेन्हासची शांतता त्यांच्या माथी मारून मिळवता येणार नाही. पण आरपार जाणारी रहदारी आजही खाडीकाठच्या रस्त्यानेच जाते. गल्लीत शिरणारा शिरतो तो गाडी लावायला, आणि त्याला अडवायचे ते खाडीपलीकडच्या पाटो भागात. कदंब बसस्थानक तिथेच, बहुमजली पार्किंग तिथेच, आणि मधे फक्त खाडी. पाच-दहा मिनिटांची वाट आहे. ती सावलीची आणि उजेडाची करा. सवय बदलत नाही असे म्हणणाऱ्यांना ५ जुलै १९८६ आठवत असेल. त्या दिवशी मांडवीवरचा पूल कोसळला, आणि नवा पूल १९९२ मध्ये खुला झाला. मधल्या वर्षांत बेतीच्या फेरीबोटींनी किती ओझे वाहिले ते त्या पिढीला विचारा. ती आपत्ती होती, हाल होते, तिचे कौतुक नको. पण राजधानीची ये-जा ज्या पुलाशिवाय अशक्य मानली जात होती ती त्याच्याविना चालली, आणि इथे तर एक छोटा पूल पायी ओलांडायचा आहे.

खरा अडथळा वेगळाच आहे, आणि तो विश्वासाचा आहे. स्मार्ट सिटीच्या कामांनी पणजीकराला जे भोगायला लावले ते कोणी विसरलेले नाही. एकाच वेळी सगळे रस्ते खोदलेले, महिनोन्‌महिने धूळ, मुदतीवर मुदत, आणि शेवटी २०२४ मध्ये उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींना स्वतः रस्त्यावर उतरून पाहणी करावी लागली. त्यानंतर कोणीही रस्त्याच्या नव्या रचनेचे नाव काढले की लोकांच्या डोळ्यांपुढे खड्डाच येतो. हा राग योग्य आहे, आणि म्हणूनच माझा आग्रह आहे की पहिले वर्षभर एक दगडही हलवू नये. वाहनबंदीला खोदकाम लागत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ११५ खाली राज्य सरकारला ठरावीक रस्त्यांवर वाहनांना मनाई करता येते. मुदत महिन्याहून जास्त असेल तर राजपत्रात प्रसिद्ध करावे लागते. अधिसूचना, पाट्या, अडसर आणि चार पोलीस, एवढ्यावर प्रयोग सुरू होतो, फसला तर दुसऱ्या दिवशी मागे घेता येतो. कंत्राटदाराला यात काही मिळत नाही. कदाचित म्हणूनच हा मार्ग कोणी सुचवत नाही.

लोकांना न विचारता वरून आलेल्या आराखड्याचे गोव्यात काय होते, तेही आपण पाहिले आहे. जमिनीच्या वापराच्या ‘प्रादेशिक आराखडा २०११’ या आराखड्याविरोधात लोक उठले आणि २००७ च्या जानेवारीत सरकारला तो मागे घ्यावा लागला. पुढचा आराखडा करताना गावागावांत जाऊन लोकांचे म्हणणे घ्यावे लागले. शहरातल्या गल्लीसाठी तेवढेही का होऊ नये? आणि विचारायला जाल तेव्हा रंगीत चित्रे घेऊन जाऊ नका. तुमची गाडी कुठे ठेवता, घरात आजारी कोण आहे, रात्री कोणत्या आवाजाने झोप मोडते, हे विचारा आणि लिहून घ्या.

गाडेवाल्यांचे एक सांगून ठेवतो, कारण वाहनमुक्त रस्त्यावरून गाड्यांच्या मागोमाग त्यांनाही हाकलण्याची पद्धत आहे. पणजीत रस्ते आजही मोकळे होतात: शिगम्याच्या रोमटामेळाला, कार्निव्हलला, आठ डिसेंबरच्या फेस्ताला चर्चसमोर. २०२४ च्या नोव्हेंबरात जुन्या गोव्यात सेंट फ्रान्सिस झेवियरचे शवप्रदर्शन सुरू झाले तेव्हा दीड महिना लोक वाहने लांब ठेवून चालत गेले. या प्रत्येक वेळी रस्त्यावर खाजे विकणारी असते, चणेवाला असतो, रोस-ऑम्लेटचा गाडा असतो, आणि त्यांच्यामुळेच तिथे चालावेसे वाटते. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने त्यांना हक्क दिला आहे. वाहन काढून मोकळी झालेली जागा आधी त्यांची, मग हॉटेलच्या खुर्च्यांची. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात आणि मडगावच्या जुन्या बाजारातही हाच प्रश्न उद्या येणार आहे. तिथे तर विक्रेतेच बाजाराचा जीव आहेत.

मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुरक्षित फुटपाथ हा घटनेच्या २१ व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला. तेव्हा पायी चालणाऱ्याची सोय ही आता कोणाची मेहेरबानी राहिलेली नाही. सरकारने तीन महिन्यांचा प्रयोग करावा, आणि तो डिसेंबरच्या गर्दीत नको, जूनपासून करावा, म्हणजे पाऊस, शाळा, चतुर्थीची खरेदी, सगळ्याची कसोटी लागेल. शेवटी मत घ्यावे. मताचा अधिकार गल्लीत राहणाऱ्या प्रत्येक प्रौढाला असावा, तो मालक असो की भाडेकरू, आणि तिथे दुकान स्वतः चालवणाऱ्यालाही असावा. घर विकत घेऊन वर्षातून दोन आठवडे येणाऱ्याला, किंवा परवाना आपल्या नावावर ठेवून धंदा दुसऱ्याला चालवायला देणाऱ्याला तो नसावा. बहुमत विरोधात गेले तर अडसर काढावेत आणि का गेले ते नोंदवून ठेवावे.